आरसीत पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल : वरुडच्या एका विलीज वॅगनची विक्री

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराकडे १९६२ची विलीज जीप स्टेशन वॅगन होती. उजवं स्टिअरिंग, फोर व्हील ड्राइव्ह, दोन दारं आणि मागे वर-खाली उघडणारा दोन फाळ्यांचा दरवाजा. घरच्या तीन पिढ्यांनी वापरलेली. गावातल्या निम्म्या नवरदेवांची वरात हिच्यातून निघालेली, त्यामुळे गाडी एका घराची असली तरी तिच्याविषयी मत अख्ख्या गावाला. मालकांचे गुडघे गेले, मुलं पुण्यात रमली आणि गाडी विकायचं ठरलं.

मालकांनी किंमत सांगितली बारा लाख. पहिल्या हंगामात गिऱ्हाईकं आली, फोटो काढून गेली, परत फिरकली नाहीत. पुढच्या हिवाळ्यात तीच गाडी पाच लाख सत्तर हजारांना गेली आणि घेणारा खूश होता. मधल्या काळात गाडीवर ४९ हजारांच्या आसपास खर्च झाला. पण सौदा त्या खर्चापेक्षा कागद जुळल्यामुळे झाला, असं आमचं मत आहे. म्हणून आधी कागद, मग लोखंड.

गाडी नेमकी काय आहे

मूळ इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं एफ-हेड पेट्रोल, म्हणजे जीपवाले ज्याला हरिकेन म्हणतात ते. त्याच्यामागे तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स. १९९७ साली ते काढून महिंद्राच्या गाड्यांत येणारं प्यूजोचं एक्सडी३पी डिझेल, २४९८ सीसी, बसवलं. नंतर टप्प्याटप्प्याने पाच गिअरचा बीए१० गिअरबॉक्स, पॉवर स्टिअरिंग, ब्रेकला बूस्टर आणि सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची वायरिंग आली. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) जुना टी-१८च आहे. मागच्या अॅक्सलचा रेशो ४.८८, म्हणजे शाफ्टचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक.

हे बदल वापरासाठी शहाणपणाचे होते. ६.००-१६च्या टायरवर, ४.८८च्या रेशोने, चौथ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाते, आणि पाचवा टाकला की इंजिन आणखी शांत होतं. तीन गिअरच्या पेट्रोलवर मोर्शी-अमरावती करणं हा वेगळा व्यायाम होता. पण वापरायला चांगली झालेली गाडी संग्राहकाच्या हिशेबातून मात्र बाद होते. मालकांचा बारा लाखांचा आकडा एका जशीच्या तशी राखलेल्या वॅगनच्या जाहिरातीवरून आला होता. "इंजन बदललं म्हून काय झालं जी, गाडी तर तेच हाय ना?" हा त्यांचा प्रश्न. भावनेने बरोबर, बाजाराने नाही.

कायद्यानेही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच त्यात बसते. तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. आपली वॅगन वयाने बसते, इंजिनाने बसत नाही. थर्ड पार्टी विम्यात व्हिंटेज नोंदणीच्या मोटारीला मिळणारी ५० टक्के सवलतही तिला नाही. हे जाहिरातीतच लिहायचं ठरलं. फोनवर तासभर बोलून झाल्यावर गिऱ्हाईकाला हे कळलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं, मग बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

मूळ पेट्रोल इंजिन आणि टी-९० शेडच्या कोपऱ्यात पडून होते, इंजिन जाम झालेलं. ते परत बसवून व्हिंटेजचा भाव घ्यावा का, हा विचार झाला. नको असं ठरलं आणि ते योग्यच होतं. एफ-हेडचं पूर्ण काम, टी-९०चे सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगा), चेसिसवर वेल्ड केलेले डिझेलचे माउंट कापणं, प्रॉपेलर शाफ्ट (अॅक्सलला ताकद नेणारे दांडे) पुन्हा मूळ लांबीचे करणं, आणि एवढं करूनही चेसिसवर कापाकापीच्या खुणा राहणार. त्यापेक्षा जुना संच गाडीसोबत द्यावा. घेणाऱ्याला पुढे कधी मूळ रूप हवं झालं तर वाट मोकळी राहते, आणि त्याची किंमत तो आजच मनात धरतो.

कागद

पहिल्या हंगामातले गिऱ्हाईक परत का गेले ते इथे कळलं. जुन्या आरसी बुकात १९९७च्या इंजिन बदलाची हाताने लिहिलेली, शिक्का मारलेली नोंद होती. पण नोंदी संगणकावर चढल्या तेव्हा पहिल्या पानावरची माहिती गेली, मागच्या पानावरची राहून गेली. म्हणजे मोबाइलवर नंबर टाकला की इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर जुना. बॉनेट उघडलं की डिझेल. शहरातला गिऱ्हाईक गाडी बघायच्या आधी मोबाइलवर नंबर बघतो. त्याला हे चोरीच्या इंजिनासारखंच दिसणार.

याच नोंदीने पीयूसीही अडवलं होतं, कारण केंद्रावर इंधन त्याच नोंदीतून येतं आणि डिझेलची धूर चाचणी पेट्रोलच्या नोंदीवर होत नाही. विम्याच्या पॉलिसीतही पेट्रोलच. अशा पॉलिसीवर दावा करायची वेळ आली तर कंपनीला हरकत घ्यायला आयतंच कारण.

दुरुस्तीला लागलं ते असं: मूळ आरसी बुक आणि नोंदीच्या पानाची प्रत, इंजिन बदलाच्या मंजुरीचा जुना कागद (बागेच्या सात-बाराच्या फायलीत सापडला), इंजिनाचं १९९७चं बिल, आणि चेसिस व इंजिन नंबरचे पेन्सिलने घासून घेतलेले ठसे. ठसा घेण्याआधी नंबरची जागा डिझेल आणि चिंधीने पुसावी. वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नये. कोरलेले आकडे पुसट झाले तर नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो आणि तो निस्तरायला महिने जातात. इथे ब्लॉकवर रंगाचे थर होते; थिनरने रंग उतरवल्यावर जो आकडा बिलात ३ होता तो प्रत्यक्षात ८ निघाला. आरसी बुकात ८च होता. बिलावरच्या चुकीचं एक साधं लेखी स्पष्टीकरण जोडलं आणि काम पुढे सरकलं.

ज्यांच्याकडे इंजिन बदलाची नोंदच नाही त्यांचं प्रकरण याहून अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय बदल चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत फेरफार करण्याबाबत कडक भूमिका घेतली. अशी गाडी विकायच्या आधी परिवहन कार्यालयात जाऊन काय शक्य आहे ते विचारावं. ‘नंतर होऊन जाईल’ म्हणून विकू नये.

नोंद सुधारल्यावर क्रम असा लागला: विमा डिझेलच्या नोंदीने, मग पीयूसी, मग आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण (फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवून), पर्यावरण कर, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट, आणि नोंदीतला मोबाइल नंबर मालकांचा सध्याचा. शेवटच्या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण एचएसआरपी नसेल तर मालकी हस्तांतरणाचं काम अडतं, आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर ऑनलाइन अर्जच पुढे सरकत नाही. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये आणि वर जीएसटी लागतो. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपयांची भर. १५०० सीसीवरच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७,८९७ रुपये, त्यावर कर वेगळा.

मालकांचं म्हणणं होतं, नूतनीकरण घेणाऱ्याने करावं. आम्ही याच्या विरोधात होतो. मुदत संपलेल्या आरसीसाठी घेणारा दहा-पंधरा हजार कमी करत नाही, तो लाखभर कमी करतो, कारण काम होईल की नाही हेच त्याला माहीत नसतं. त्या भीतीची किंमत विकणाऱ्याच्या खिशातून जाते.

पीयूसीला गाडी नेताना इंजिन पुरतं तापलेलं असावं आणि एअर फिल्टर नवा. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धूर किती दाट ते सांगणारं एकक), म्हणजे के-मूल्य २.४५. इंजेक्टर बऱ्या अवस्थेत असतील तर एक्सडी३पीला ते जड नाही.

लोखंड

तीन तक्रारी होत्या. ताशी ५० ते ६० मध्ये खालून गुरगुर, चढावर तापणं, आणि ब्रेक ‘लाकडासारखा’.

गुरगुर म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचा कोन. गिअरबॉक्स बदलला की त्याची लांबी आणि कल दोन्ही बदलतात. मिस्तरी शाफ्ट कापून लांबी जुळवतात, कोनाकडे कोणी बघत नाही. गावोगावी शाफ्ट बॅलन्स करून आणला, नवे क्रॉस (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यातले) टाकले, आवाज तसाच, अशी जी प्रकरणं असतात त्यातली बरीच कोनाची असतात. नियम सोपा आहे: दोन्ही टोकांचे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, सारख्याच कोनात चालले पाहिजेत, फरक एका अंशाच्या आत, म्हणजे गिअरबॉक्सचा अक्ष आणि पिनियनचा (शाफ्ट अॅक्सलमध्ये ज्या गिअरला जोडतो त्याचा) अक्ष एकमेकांना समांतर. शिवाय शाफ्टच्या दोन टोकांचे योक (सांधा धरणारे कान) एका रेषेत. मोजायला मोबाइलमधला कोनमापक आणि सपाट पट्टी पुरते. गाडी मात्र सपाट जमिनीवर, चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही.

इथे गिअरबॉक्स मागे ४ अंश खाली झुकलेला, पिनियन फक्त १ अंश वर. तीन अंशांचा फरक. पाट्याची स्प्रिंग आणि अॅक्सलची बैठक यांच्यामध्ये ३ अंशांची लोखंडी पाचर दोन्ही बाजूंना बसवली. पाचरीची जाड बाजू पुढे की मागे, हे स्प्रिंग अॅक्सलच्या वर आहे की खाली यावर ठरतं. पिनियनचं नाक वर उचललं जातंय ना एवढंच बघायचं. पाचरीमुळे स्प्रिंगचा सेंटर बोल्ट तोकडा पडतो, तो लांब घ्यावा. यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा कसावेत, कारण पाचर बसते तशी पकड सैल होते. क्रॉस, बोल्ट, पाचर, बॅलन्सिंग मिळून ७,२०० रुपये. गुरगुर गेली.

तापण्याचं कारण दोन ठिकाणी होतं. रेडिएटरवर शीट मेटलचं काऊल नव्हतं. डिझेलचं इंजिन मूळ पेट्रोलपेक्षा वेगळ्या जागी बसलं, पंखा मधोमध राहिला नाही, आणि मूळ काऊल काढून फेकलं गेलं. काऊल नसलं की पंखा समोरून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत बसतो. नवं काऊल पत्र्यातून बनवलं, पंख्याची पाती साधारण निम्मी आत. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकलेला. विदर्भातल्या उन्हामुळे हा रिवाजच पडला आहे: गाडी तापली, काढा थर्मोस्टॅट. पण ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं. काढल्याने थंडी येण्याऐवजी चढावर ताप वाढतो. थर्मोस्टॅट परत बसवला, रेडिएटरची कोअर बदलली, साध्या बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी जुनी कोअर अर्धी बुजली होती. सगळं मिळून १४,५०० रुपये. एक्सडी३पी एकदा जोरात तापलं की हेड गॅस्केट जातं, म्हणून ही दुरुस्ती टाळण्यासारखी नव्हती.

ब्रेकचा दोष बूस्टरचा नव्हता. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही; तो अल्टरनेटरला जोडलेल्या व्हॅक्यूम पंपातून येतो, आणि इथे पंपाची नळी फुगून फाटली होती. तपासायची रीत: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. नळीसोबत चारही चाकांचे सिलिंडर किट, मास्टर सिलिंडर आणि रबरी पाइप बदलले, ९,८०० रुपये.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेली; शेडमध्ये सरकीची पोती असल्यावर दुसरं काय होणार. हेडलाइटला रिले, नवा फ्यूज बॉक्स आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच धरून ११,०००. सगळे ऑइल आणि फिल्टर ६,३००. ऑइल बदलताना एक गोष्ट जरूर बघावी: गिअरबॉक्सची पातळी वाढलेली आणि टी-१८ची उतरलेली, किंवा उलट, असेल तर दोघांमधलं सील गेलेलं आहे. इथे ते थोडं झिरपत होतं. बदललं नाही, पण घेणाऱ्याला लिहून दिलं.

कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) घेतलं: ३९०, ३८५, ३६०, ३९० पीएसआय. डिझेलसाठी हे बरे आकडे आहेत. चार सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असला म्हणजे झालं.

रंग दिला नाही. गावात यावर बराच वाद झाला, कारण विकायची गाडी चकचकीत हवी अशी आपल्याकडे समजूत. पण जुन्या वॅगनवर ताजा रंग म्हणजे खाली पुट्टी, असंच अनुभवी गिऱ्हाईक धरतो आणि पुट्टी शोधायला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक घेऊन फिरायला लागतो. धुऊन, पॉलिश करून, मॅट उचलून पत्रा उघडा ठेवला. मागच्या खालच्या दरवाज्याचा पन्हळी पत्रा आणि ड्रायव्हरच्या पायाखालची कड गंजलेली होती. दोन्हींचे जवळून फोटो जाहिरातीत टाकले.

जाहिरात, गिऱ्हाईक, भाव

जाहिरातीचा मजकूर हा होता: "१९६२ विलीज जीप स्टेशन वॅगन, फोर बाय फोर. १९९७ पासून एक्सडी३पी डिझेल, आरसीत आणि ऑनलाइन नोंद आहे. बीए१० पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग, बूस्टर ब्रेक. व्हिंटेज नोंदणीला पात्र नाही. आरसी, विमा, पीयूसी चालू. मूळ पेट्रोल इंजिन (जाम) व टी-९० गिअरबॉक्स सोबत. मागचा दरवाजा खालून गंजलेला, टी-१८ थोडा झिरपतो. गाडी वरुडला थंड इंजिनावर बघायला मिळेल. अपेक्षा साडेसहा लाख."

"थंड इंजिनावर" हे शब्द मुद्दाम होते. जुन्या डिझेलचं खरं दुखणं सकाळच्या पहिल्या स्टार्टला दिसतं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवणारा विक्रेता काहीतरी लपवतो, असा समज आहे आणि तो बहुधा खरा असतो.

साडेसहा आले कुठून? मालकांनी वर्षानुवर्षं घातलेला खर्च पावत्यांवरून पावणेसात लाखांपर्यंत जात होता, पण खर्च म्हणजे भाव नव्हे. खालची पातळी सुट्या भागांची: चालू इंजिन-गिअरबॉक्स, टी-१८, अॅक्सल, टायर, जुना संच मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. त्यावर स्वच्छ कागदाची चालती बॉडी. वरची पातळी मूळ रूपातल्या वॅगनची, जिथे ही पोचत नव्हती. मधला भाव धरला.

एका दिल्लीकराने पूर्ण रक्कम मान्य केली. त्याला नको म्हणावं लागलं: दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलची नोंदणी होत नाही, तो ‘बघून घेईन’ म्हणत होता, आणि गाडी मालकांच्या नावावरच राहिली असती. पेंचजवळच्या एका रिसॉर्टला पाहुणे फिरवायला हवी होती. खासगी नोंदणीवर भाड्याची वाहतूक चालत नाही. एक दलाल कोऱ्या फॉर्म २९वर (मालकी बदलाची सूचना) सह्या मागत होता. नावावर न करता हात बदलत राहिलेल्या गाडीच्या अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. कोरी सही म्हणजे ती जबाबदारी फुकट घेणं.

घेणारा निघाला परतवाड्याचा, लाकडाचा व्यापारी. त्याच परिवहन कार्यालयाच्या हद्दीतला, त्यामुळे एनओसीचा फॉर्म २८ लागला नाही. त्याने सोबत स्वतःचा मिस्तरी आणला. मालकांनी गाडी त्याला परतवाडा-चिखलदरा घाटात न्यायला दिली, मालकांचा पुतण्या शेजारी बसून. घाटात तापमानाचा काटा मधोमध राहिला, तिथेच सौदा अर्धा झाला. भावात ऐंशी हजार कमी झाले: दरवाजाचा पत्रा, टी-१८चं सील आणि दोन जुने टायर, यांची यादी त्याने कागदावर मांडून दाखवली होती. यादी रास्त होती.

इसार ५१ हजार, ऑनलाइन. बाकी रक्कम बँकेतून. रोखीचा आग्रह दोन्हीकडून होता, पण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर तेवढाच दंड लावू शकतो. दोघांचा पॅन घेतला. फॉर्म २९ आणि ३० (मालकी हस्तांतरणाचा अर्ज) पूर्ण भरून, मगच सह्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा नावावर करायलाही १४ दिवस. ताबा चिठ्ठीवर तारखेसोबत वेळ आणि किलोमीटर लिहिले, फास्टॅग बंद केला.

ताबा चिठ्ठीला सुट्या सामानाची यादी जोडली: पेट्रोल इंजिन (नंबरासह), टी-९०, कार्टर कार्बुरेटर, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची मोटर, सहा व्होल्टचा हॉर्न, चार व्हील कॅप. यात एकही वस्तू तोंडी नव्हती. आठवडाभराने छोटा हत्ती येऊन ते घेऊन गेला. यू-बोल्ट पुन्हा कसायची आठवण यादीच्या शेवटी लिहिली होती, आणि नव्या मालकाच्या मिस्तरीने पहिलं काम तेच केलं: चारपैकी दोन अर्धा फेरा कसले गेले. आरसी त्याच्या नावावर झाल्याचा संदेश आल्यावर मालकांनी जुना विमा, पीयूसी आणि १९९७च्या मंजुरीची मूळ प्रतही त्याच्याकडे पाठवली, स्वतःजवळ झेरॉक्स ठेवून.